रॉकेट कपाटात, ओल भिंतीत

अंतराळ आणि विज्ञानकथांच्या संग्राहकांची प्रश्नोत्तरे

मृगाचा पाऊस लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. डिसेंबरात ‘काय घ्यावे’ असे विचारणारे वाचक जुलैत ‘आता काय करू’ असे विचारतात. म्हणून या वेळी ओलीच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, बाकीचे त्यामागून.

प्रश्न : घरात १९७० ते ९०च्या दशकांतली विज्ञानकथांची चाळीसेक पुस्तके आणि काही दिवाळी अंक आहेत. लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकूनही पुठ्ठ्यांवर पांढरट-हिरवी बुरशी आली, कुबट वास येतो. डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का? — वाचक, मडगाव

उत्तर : गोळ्या नकोत. त्यांचा उपयोग किड्यांवर होतो, बुरशीवर नाही. शिवाय त्याच कपाटात प्लास्टिकचे मॉडेल असेल तर नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते. वेखंडाच्या पुरचुंडीचेही तेच. कसर थोडी दूर राहील, बुरशीला तिचे काही वाटत नाही.

पुड्या का चालल्या नाहीत, त्याचा हिशेब करून पाहा. अडीचशे ग्रॅमचे एक धरले तर चाळीस पुस्तकांचे वजन दहा किलो. कागद हवेतली ओल पितो. ८० टक्के आर्द्रतेत त्याच्या वजनात साधारण दहा-अकरा टक्के पाणी असते, ५० टक्के आर्द्रतेत सहा-सात टक्के. म्हणजे तुमच्या पुस्तकांतून तीनशे ते चारशे ग्रॅम पाणी बाहेर काढायचे आहे. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी धरते. पाच ग्रॅमच्या वीस पुड्या, म्हणजे शंभर ग्रॅम जेल, तीस ग्रॅम पाणी धरून गप्प बसते. तेही कपाट हवाबंद असेल तर, आणि लोखंडी कपाट हवाबंद नसतेच. पुस्तके आधी कोरडी करायची आणि मग बंद करायची, हा क्रम चुकला की जेल कितीही ओता.

बुरशी ओली असताना कापड फिरवू नका. ती कागदाच्या तंतूंत चोळली जाते आणि डाग कायमचा बसतो. बुरशी धरलेली पुस्तके वेगळ्या खोलीत न्या, पाने थोडी उघडून उभी ठेवा, एसी ‘ड्राय मोड’वर लावा, खिडक्या बंद. दोन-तीन दिवसांत बुरशी भुकटीसारखी सुकते. एसी नसेल तर पंखा चालेल, पण हवा भिंतीवर आपटून यावी, थेट पानांवर नको. मुख्य म्हणजे त्या खोलीत कपडे वाळत घालू नका. पावसात आपण सगळेच घरात दोऱ्या बांधतो, आणि कपड्यांतले लिटर-दोन लिटर पाणी शेवटी पुस्तकांत जाते.

सुकल्यावर एन-९५ मास्क लावून पडवीत, वारा तुमच्याकडून पुस्तकाकडे वाहील असे उभे राहा आणि रुंद मऊ ब्रशने बांधणीकडून बाहेरच्या दिशेने झाडा. लॅमिनेट केलेल्या मुखपृष्ठावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलक्या हाताने फिरवता येतो, आधी कोपऱ्यात शाई सुटते का ते पाहून. कापडी बांधणी आणि वर्तमानपत्री कागद यांना द्रव लावूच नका. कडक उन्हात तासन् तास पसरण्याचा मोहही टाळा. त्या काळातल्या स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य भरपूर असते, ते उन्हाने पिवळे पडते. सावलीतली कोरडी हवा हवी.

दिवाळी अंकांच्या तारेच्या पिना तपासा. गंजल्या असतील तर मधल्या पानावर बोथट सुरीने पाय सरळ करून काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मारा. पिना तशाच राहिल्या तर गंज पान खाऊन पुढे सरकतो, आणि चवथीला अंक उघडाल तेव्हा मधली पाने हातात येतील. पुन्हा स्टेपल मारू नका, सेलोटेप तर नकोच. तिचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग उरतो.

मग साठवण. रबरी कड असलेला पन्नास लिटरचा प्लास्टिक डबा, त्यात कोरडी पुस्तके, एक ते दीड किलो नारंगी सिलिका जेल कापडी पिशव्यांतून, आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. ६५च्या वर काही दिवस टिकला तर बुरशी परत येते. जेलने रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजा, ते पुन्हा कामाला लागते. निळे जेल स्वस्त मिळते, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असते, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ते नको.

डबे भरायचा आपल्याकडचा खरा मुहूर्त जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा हवाच कोरडी असते, अर्धे काम फुकटात होते. मे महिन्यात भरलेला डबा म्हणजे घाम कोंडून ठेवणे. कपाटच वापरायचे असेल तर पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीपासून काढा, मागे चार बोटे जागा सोडा, पुस्तके फार गच्च बसवू नका.

पाने कुरतडलेली, भोके पडलेली दिसली तर तो वेगळा आजार, कसर किंवा पुस्तकी किडा. अशी पुस्तके झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे अठरा-वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरते आणि किडे मारून बुरशीला आवतण दिल्यासारखे होते.

प्रश्न : शेतात मुठीएवढा, जड, काळसर दगड सापडला. चुंबक लगेच चिकटतो. उल्का असेल का? विकत घेऊ इच्छिणारेही भेटले. — वाचक, डिचोली

उत्तर : डिचोलीत चुंबक चिकटणारा जड काळा दगड सापडणे म्हणजे शिरोड्याच्या मिठागरात मीठ सापडणे. तुमच्या पायाखाली हेमेटाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहखनिजे आहेत. मॅग्नेटाइट चुंबकाला जोरात धरतो, हेमेटाइट फारच थोडा, आणि खाणीतल्या दगडात दोन्ही मिसळलेले असतात. तरी तपासायला काही लागत नाही.

पहिली चाचणी रेघेची. बिनचकाकीच्या टाइलच्या पाठीवर किंवा चिनीमातीच्या कपाच्या खरखरीत बुडावर दगड जोरात ओढा. लाल-तपकिरी रेघ उमटली तर हेमेटाइट. काळी उमटली तर मॅग्नेटाइट किंवा मँगनीजचे खनिज. उल्केची रेघ बहुधा उमटतच नाही, फार तर पुसट राखाडी. फक्त फार वर्षे मातीत गंजलेली उल्काही तपकिरी रेघ देऊ शकते, म्हणून पुढची चाचणी सोडू नका.

ती घनतेची. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दगड तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे दगडाचे घनसेंटिमीटर. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. नेहमीची दगडी उल्का ३.२ ते ३.८च्या दरम्यान येते, लोहउल्का ७ ते ८. लोहखनिज ४ ते ५.२, म्हणजे नेमके दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत. त्या जागेत बसणाऱ्या उल्का आहेत, पण त्यांच्यात हिरवट-पिवळे स्फटिक डोळ्यांना दिसतात आणि त्या फार विरळ. जांभा यापेक्षा हलका भरतो. दगडाला बुडबुड्यांची भोके असतील तर ती भट्टीची मळी, उल्का नव्हे.

एक सावधगिरी. उल्केची शंका खरीच असेल तर निओडिमियमचा ताकदवान चुंबक त्यावर घासू नका. दगडात कोट्यवधी वर्षे टिकलेली मूळ चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते. साधा चुंबक दोऱ्याला टांगून जवळ न्या, तो ओढला गेला की पुरे.

सगळ्या चाचण्यांतून दगड पार पडला आणि वर पातळ, काळे, जळके कवच दिसले, तर तो फोडू नका, धुऊ नका, विकूही नका. देशातला उल्कांचा संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, कोलकात्याला आहे, खात्री तिथूनच होते. आणि कोणी ‘अपोलोचा चंद्रदगड’ देऊ करत असेल तर बोलणे तिथेच थांबवा. अपोलोच्या फेऱ्यांनी आणलेले ३८२ किलो नमुने अमेरिकन सरकारच्या मालकीचे आहेत, त्यांची खाजगी विक्री बेकायदा आहे. चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेली उल्का मात्र कायदेशीर बाजारात मिळते.

प्रश्न : चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटचे मॉडेल घरी बनवायचे आहे. तयार किट महाग पडते. सोपी पद्धत सांगा. — वाचक, फोंडा

उत्तर : या रॉकेटची मापे पाहून प्लंबरने ते आखले असावे असे वाटते. १४ जुलै २०२३ला उडालेले एलव्हीएम-३ ४३.५ मीटर उंच. बाजूच्या एस-२०० बूस्टरांचा व्यास ३.२ मीटर, मधल्या गाभ्याचा ४ मीटर, वरच्या टोपाचा, म्हणजे पेलोड फेअरिंगचा, ५ मीटर. एकास शंभर प्रमाणात हे अनुक्रमे ३२, ४० आणि ५० मिलिमीटर होतात, आणि पाण्याच्या पीव्हीसी पाइपांचे बाहेरचे व्यास नेमके ३२, ४० आणि ५० असतात. एकूण उंची ४३.५ सेंटिमीटर.

दुकानात मात्र ‘इंची पाइप’ मागू नका. इंचाच्या मापाचे पाइप वेगळ्या मानकाचे. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी भरतो, दीड इंचीचा ४८.३. ‘मिलिमीटरवाला, बाहेरचा व्यास बत्तीस’ असे सांगा आणि खिशात कागदाची पट्टी ठेवा. पाइपभोवती गुंडाळल्यावर परीघ ३२साठी १००.५ मिमी, ४०साठी १२५.७, ५०साठी १५७ यायला हवा. क्रीम रंगाचे सीपीव्हीसी नको, त्याचीही मापे वेगळी.

बूस्टर नाकाच्या टोकासकट साधारण पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर. बाकीच्या लांब्या त्याच उड्डाणाच्या बाजूने काढलेल्या फोटोवरून मोजा. फोटोतली एकूण उंची ४३.५ धरली की पट्टीने त्रैराशिक सुटते. पाइप सरळ कापायला भोवती कागद घट्ट गुंडाळून कडा जुळवा आणि त्या कडेने आरीचे पाते चालवा. टोप आणि बूस्टरांची नाके एमसीलने घडवता येतात, पण ती गोल व्हायला चिकाटी लागते. लाकूड कातून घेणे सोपे. कुंकळ्ळीचे चित्तारी किंवा सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे कारागीर असे नग कातू शकतात, त्यांना कागदावर खऱ्या मापाची आकृती कापून द्या. पाइपात घट्ट बसण्यासाठी नगाला खाली दोन सेंटिमीटरची आतली मान ठेवायला सांगा, तिचा व्यास पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी.

गाभ्याच्या बुडाशी ‘विकास’ नावाची दोन इंजिने आहेत, एक नव्हे. हौशी मॉडेलांत ही चूक फार दिसते. बूस्टरांत ओली नसलेली वाळू भरून बूड बंद केले की मॉडेल पंख्याच्या वाऱ्याने कलंडत नाही.

रंग पीव्हीसीवर थेट धरत नाही, नखाने सोलून निघतो. आधी २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यासह, अल्कोहोलने पुसणे, प्लास्टिक प्रायमरचे दोन पातळ हात, मग पांढरा स्प्रे. हे काम दिवाळीनंतर करा. दमट हवेत स्प्रेतला द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि चकाकी जाऊन दुधी धुके येते. काळ्या आणि लाल रंगावर ते लगेच दिसते. पांढऱ्यावर दिसत नाही म्हणून लोक फसतात, पण थर कमकुवतच राहतो. तोवर कापाकापी आणि घासणे उरकून घ्या.

प्रश्न : १९७५चे आर्यभट उपग्रहाचे २५ पैशांचे तिकीट आणि १९८४चे भारत-सोव्हिएत अंतराळ उड्डाणाचे तिकीट, दोन्हींचे कोरे ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडलेली न वापरलेली तिकिटे, अल्बमच्या पानाला चिकटले. गरम पाण्यात सोडू का? — वाचक, म्हापसा

उत्तर : वापरलेली, शिक्का पडलेली तिकिटे असती तर साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे सोडा म्हटले असते. कोऱ्या तिकिटाची किंमत त्याच्या पाठीवरच्या गोंदात असते, पाण्यात ती विरघळून जाईल.

घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाला ओला करून पिळलेला स्पंज, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर तिकीट चिकटलेला पानाचा तुकडा, तिकिटाची बाजू वर. झाकण लावा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. दोन ते चार तासांत गोंद इतका सैलावतो की कोपऱ्याखालून बोथट चिमटा सरकतो. कोपरा अडला तर ओढू नका, परत डब्यात. झाकणाखाली पाण्याचे थेंब जमत असतील तर ते पुसत राहा, एक थेंब पडला तरी गोंदावर चंद्रासारखे विवर उठते. सुटलेले तिकीट गोंद वर करून तासभर उघडे सुकवा आणि मग वजनाखाली दाबा. गोंद थोडा विस्कटलेला दिसेलच. विकताना ते सांगून विका.

पुढे अल्बम आडवे एकावर एक रचू नका. खालच्या अल्बमवर पडणारा दाब आणि ओल मिळून हेच होते. उभे ठेवा, सैल ठेवा. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे खिसेही काढून टाका, पॉलिप्रोपिलीनचे घ्या. तपकिरी ठिपके आलेली तिकिटे वेगळी करा, पण ब्लीचच्या नादी लागू नका. डाग फिका पडतो आणि कागद पावासारखा भुसभुशीत होतो.

प्रश्न : नील आर्मस्ट्राँगची सही असलेला फोटो आठ हजार रुपयांत मिळतो आहे. घ्यावा का? — वाचक, वास्को

उत्तर : नाही. आर्मस्ट्राँग यांनी १९९४च्या सुमारास सह्या देणे बंद केले आणि २०१२मध्ये त्यांचे निधन झाले. खऱ्या सहीची किंमत हजारो डॉलरांत जाते, आणि बनावट सह्या त्यांच्या नावाने जितक्या निघाल्या तितक्या क्वचितच कोणा अंतराळवीराच्या नावाने निघाल्या असतील. त्यातून त्या काळी अंतराळवीरांच्या टपालाला उत्तरे देताना ऑटोपेन नावाचे सही करणारे यंत्रही वापरले जाई. त्यामुळे फोटो खरा, नासाच्या पाकिटातून आलेला, आणि सही मात्र यंत्राची, असेही होते. ऑटोपेनची रेघ सगळीकडे एकाच जाडीची असते, सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका पडतो, आणि दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. माणसाच्या दोन सह्या तशा कधी जुळत नाहीत. दहापट भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ती सही छापलेलीच आहे.

प्रश्न : दोन रुपयांच्या जुन्या नोटेवर उपग्रह आहे. त्याचे लाखो रुपये देतो असा निरोप आला, आधी नोंदणी शुल्क मागतात. — वाचक, साखळी

उत्तर : तो आर्यभट. या नोटा ढिगाने छापल्या गेल्या, साध्या नोटेला लाख कोणी देत नाही. शुल्क भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये याच फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. कोरी करकरीत असेल तर पॉलिएस्टरच्या खिशात ठेवा, अंतराळ-संग्रहात ती शोभते. इस्त्री करू नका.

प्रश्न : मराठी विज्ञानकथांच्या पहिल्या आवृत्त्या कशा ओळखायच्या? — वाचक, पेडणे

उत्तर : शीर्षकपानाच्या मागे पाहा. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द वेगळे वाचा. वर ‘पहिली आवृत्ती’चे साल आणि खाली पुनर्मुद्रणांची यादी असेल तर हातातली प्रत शेवटच्या सालाची. विक्रेते वरची ओळ तेवढी फोटोत दाखवतात, म्हणून पूर्ण पानाचा फोटो मागा. किंमत खोडून वर नवी चिकटवलेली असेल तर चिठ्ठी काढू नका, जुन्या साठ्याचा तो पुरावा असतो. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ‘रद्द’ असा शेराही आहे का ते पाहा. तो नसेल तर पुस्तक घेऊ नका.

पुस्तकांइतकेच जुन्या अंकांकडे लक्ष द्या, कारण कथा आधी तिथे येत. आणि नुसते प्रसिद्ध नाव शोधत फिरू नका. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात अनुक्रमणिका वाचणाऱ्यालाच असे काही सापडते.

प्रश्न : बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या यानात सेल फुटून पांढरी भुकटी जमली आहे. — वाचक, पणजी

उत्तर : अल्कलाइन सेल असतील तर ती भुकटी अल्कधर्मी असते. हातमोजे घालून सेल काढा, भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, मग कापसाच्या काडीवर पांढरे व्हिनेगर घेऊन पट्ट्यांवर फिरवा. फसफसणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा, शेवटी अल्कोहोलने पुसून रात्रभर सुकू द्या. घरातले माडाचे व्हिनेगर यासाठी नको, त्याचा गाळ पट्ट्यांवर राहतो. ते सोरपोतेलसाठी ठेवा. पट्टीवर हिरवा थर उरला तर पेन्सिलीच्या खोडरबराने घासा. धातू खाऊन गेला असेल तर नवी स्प्रिंग डाख देऊन बसवा, पण जुनी फेकू नका, मूळ भागासह खेळण्याची किंमत वेगळी लागते. प्रदर्शनात ठेवलेल्या खेळण्यात सेल कधीच ठेवायचे नाहीत, आपल्याकडे तर एक पावसाळाही नाही.